गाडीच्या पोटातले पाणी

रविवारची सकाळ होती. चहाचा दुसरा कप हातात घेतला आणि दारावरची घंटा वाजली. पाहतो तो शेजारच्या आजी आणि त्यांच्यामागे त्यांची नात. आजींना बंगलोरात, आमच्या या इंदिरानगरात येऊन चाळीस वर्षे होऊन गेली. आजोबा एच.ए.एल.मध्ये होते. दीड वर्षापूर्वी ते गेले. त्यांच्यामागे फाटकाशी उभी राहिली ती त्यांची १९९७ सालची पांढरी मारुती ८००.

"हिला गौरी-गणपतीला गाडी घेऊन कोल्हापूरला जायचंय," आजी म्हणाल्या. "मलाही शेजारी बसवून. तुम्हीच सांगा हिला काय ते."

"काका, आजोबा दर वर्षी याच गाडीनं आत्याआजींना भेटायला जायचे," नात म्हणाली. "आत्याआजी अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांनी फोनवर विचारलं, गाडी विकली का गं? मला नाही म्हणताना फार बरं वाटलं."

गाडी एरवी उत्तम होती. पण परवा शंभर फुटी रस्त्यावर वाहतुकीत अडकली असताना उष्णतेचा काटा एकदम वर गेला. मुलीने शहाणपणा केला, गाडी कडेला घेऊन बंद केली. मग जवळच्या एका गॅरेजात नेली. त्यांनी काहीतरी ओतले, झाकण लावले आणि "आता काही होणार नाही" म्हणून सांगितले.

"काय ओतलं?" मी विचारले.

"ते नाही विचारलं."

वाचकहो, आपण घरातल्या प्रत्येक डब्यात काय आहे ते सांगू शकतो. पण गाडीच्या पोटात कोणते पाणी आहे ते आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक असते? या आठवड्यात त्याविषयीच बोलू.

पाण्याचे काम, पाण्याची खोड

इंजिनात पेट्रोल जळते. त्या उष्णतेतला काही भागच चाके फिरवतो, बाकीची बाहेर टाकावी लागते. म्हणून इंजिनाभोवती द्रव खेळवतात. पंप तो फिरवतो, रेडिएटरमध्ये तो निवतो आणि पुन्हा इंजिनात जातो. उष्णता वाहून नेण्यात पाण्यासारखे दुसरे स्वस्त साधन नाही. पण पाण्याच्या दोन खोडी आहेत. ते लवकर उकळते आणि धातू खाते.

उकळण्याचे पाहा. बंगलोर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर आहे. इथे उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांना नव्हे, साधारण ९७ अंशांनाच उकळते. नव्याने इथे आलेल्या गृहिणींना डाळ शिजायला वेळ लागतो तो यामुळेच. उपाय आपल्याला माहीत आहे, प्रेशर कुकर! गाडीच्या रेडिएटरचे झाकणही कुकरच्या शिट्टीसारखेच काम करते. त्यावर ०.९ असा आकडा असेल तर आत हवेपेक्षा तेवढ्या किलोचा जादा दाब धरला जातो आणि उत्कलनबिंदू ११५ अंशांच्या पुढे जातो. पाण्यात निम्मे इथिलिन ग्लायकॉल मिसळले की तो सव्वाशेच्या आसपास पोचतो. हे ग्लायकॉल आणि त्यात घातलेली गंजरोधक औषधे मिळून होते ते कूलंट.

आपल्याकडे ‘बर्फ पडतच नाही, मग कूलंट कशाला?’ असे विचारणारे पुष्कळ भेटतात. बंगलोरचे आजवरचे नीचांकी तापमान ७.८ अंश, तेही १८८४ सालच्या जानेवारीतले. तेव्हा गोठण्याची भीती नाही हे खरे. पण उकळण्याची आहे आणि गंजण्याची तर फारच आहे. मारुतीच्या इंजिनाचे डोके, म्हणजे सिलिंडर हेड, ॲल्युमिनियमचे असते. बोअरचे जड पाणी त्यात वर्षानुवर्षे फिरले तर आत चुन्याचा थर बसतो, तसाच जसा आंघोळीच्या गीझरमध्ये बसतो. थर बसला की उष्णता बाहेर पडत नाही. मग हेड वाकते, गॅस्केट जाते आणि दुरुस्तीचा खर्च जुन्या गाडीच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो.

आमच्या लहानपणी खंडाळ्याच्या घाटात फियाट आणि ॲम्बॅसेडर बॉनेट उघडून ओळीने उभ्या असत आणि चालक डबा घेऊन झऱ्यावर जाई. तेव्हा इंजिने ओबडधोबड होती, ती सोसून घेत. ते दिवस गेले, पण ‘पाणी ओता’ ही सवय मात्र राहिली.

गंमत अशी की ग्लायकॉल प्रथम नावारूपाला आले ते विमानांच्या इंजिनांत, १९३० च्या दशकात. रोल्स रॉइसच्या मर्लिन इंजिनात सुरुवातीला निव्वळ ग्लायकॉल असे. पुढे कळले की दाबाखाली ठेवलेले पाणी आणि थोडे ग्लायकॉल यांचे मिश्रण अधिक चांगले. आणि आजोबांचा विमानांचा कारखाना १९४० मध्ये सुरू केला तो आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी. त्यांनीच १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली, जिची पद्मिनी पुढे मुंबईची टॅक्सी झाली. असो.

आत आहे तरी काय?

मी मुलीला म्हटले, "गाडी रात्रभर उभी आहे ना? मग आत्ताच बघू." इंजिन थंड असणे ही पहिली अट. गरम इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. दाब सुटताच आतला द्रव एकदम उकळून कारंजासारखा तोंडावर येतो. कुकर शिट्टीवर असताना आपण झाकण ओढतो का?

बॉनेटखाली प्लॅस्टिकची एक अर्धपारदर्शक टाकी असते, तिच्यावर दोन रेघा असतात. आमच्या टाकीतला द्रव गढूळ तपकिरी होता, चहा नासल्यासारखा.

मग आम्ही पुरावे गोळा करू लागलो. आजोबा शिस्तीचे. डॅशबोर्डच्या कप्प्यात त्यांची निळी वही मिळाली. त्यात स्वच्छ अक्षरात लिहिले होते: ‘१२-३-२०२१. कूलंट बदलले. हिरवे. निम्मे-निम्मे. पुढचे मार्च २०२३.’ मार्च २०२३ च्या पानावर मात्र काही नव्हते. तेव्हा त्यांचे आजारपण सुरू झाले होते. आजींनी चष्मा पुसला, काही बोलल्या नाहीत.

डिकीत लाल कूलंटची अर्धी बाटली होती. "ही मीच आणली, पेट्रोल पंपावरून," मुलगी म्हणाली. "पातळी कमी दिसली म्हणून घातलं थोडं." मग गॅरेजला फोन लावला. तिकडून उत्तर आले, "बरी नीरु, सार!" म्हणजे नुसते पाणी, साहेब. तेही मागच्या बोअरचे.

तर असा तीन घरचा काला: आजोबांचे मुदत संपलेले हिरवे, नातीचे लाल आणि गॅरेजचे जड पाणी.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. रंगावरून कूलंटची जात ठरत नाही. रंग नुसता घातलेला असतो, गळती दिसावी आणि कोणी चुकून पिऊ नये म्हणून. कोणत्या जातीला कोणता रंग, असा सर्वांना बांधील नियम नाही. साधारणपणे जुन्या पद्धतीचे, सिलिकेट-फॉस्फेटसारखे क्षार असलेले कूलंट हिरवे असे. ते धातूवर चटकन थर धरते, पण दोनेक वर्षांत संपते. सेंद्रिय आम्लांवर आधारलेले नवे कूलंट पुष्कळदा लाल, गुलाबी किंवा नारिंगी असते आणि पाच वर्षांपर्यंत टिकते. दोन्हींची मिसळ झाली की औषधांचा गुण कमी होतो, काही वेळा चिकट गाळही धरतो. म्हणून ओळख पटवायची ती गाडीची पुस्तिका, बॉनेटखालची चिठ्ठी, सर्व्हिसिंगची बिले आणि बाटलीवरचा मजकूर यांवरून. बाटलीवर भारतीय मानक आय.एस. ५७५९ किंवा जपानी मानक जे.आय.एस. के २२३४ असा उल्लेख आहे का ते बघा. जुन्या गाडीचा रेडिएटर तांब्या-पितळेचा, डाग देऊन जोडलेला असेल तर पुस्तिकेत सांगितलेले जुन्या पद्धतीचेच कूलंट घालणे बरे.

वासाने किंवा चवीने ओळखण्याच्या भानगडीत पडू नका. चव तर मुळीच नको, कारण पुढे सांगतो. गॅरेजवाल्याकडे हायड्रोमीटर असतो, बॅटरीला वापरतात त्याच्या भावंडासारखा. त्याने ग्लायकॉलचे प्रमाण कळते, जात कळत नाही. आणि टाकीत दुधाळ साय दिसली किंवा तेलाचा तवंग दिसला, तर कूलंट बदलून भागणार नाही. गॅस्केट गेलेले असू शकते, तेव्हा सरळ जाणत्या मेकॅनिककडे जा.

आमच्या टाकीत तवंग नव्हता. म्हणजे आशा होती. काय आहे ते नक्की कळत नसेल, तर नियम सोपा आहे: सगळे काढा, धुवा आणि एकच माहीत असलेले भरा.

धुणे आणि भरणे

पुढच्या शनिवारी मुलगी जे.सी. रोडवर जाऊन सामान घेऊन आली. पुस्तिकेत सांगितलेल्या जातीचे घट्ट कूलंट, डिस्टिल्ड पाण्याचे कॅन, रेडिएटरचे नवे झाकण (जुन्यावरचा आकडा बघून, तोच) आणि दोन होस पाईप. जुने पाईप दाबून पाहिले तेव्हा एक मऊ पडला होता आणि दुसऱ्याला टोकाशी भेगा होत्या. रविवारी सकाळी कामाला लागलो.

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून, चाकाखाली वीट. इंजिन गार. पंखा विजेचा असल्याने बॅटरीची ऋण तार सोडवली, नाहीतर बोटे पंख्यात जायची. हीटर असेल तर त्याचा खटका गरम बाजूला ठेवावा, म्हणजे त्यातलेही निघते. झाकण फडक्याने धरून काढले. खाली रुंद परात ठेवली आणि रेडिएटरच्या तळची तोटी सैल केली. तोटी नसेल किंवा अडकून बसली असेल तर खालच्या होस पाईपचा क्लॅम्प ढिला करावा. हातमोजे घालावेत. प्लॅस्टिकची टाकीही काढून घासून धुवावी, गाळ तिथेच बसतो.

निघालेले पाणी पाहून आजी म्हणाल्या, "अगंबाई, हे म्हणजे भांड्याची खरकटवणीच की!"

तोटी बंद करून स्वच्छ पाणी भरले, बॅटरीची तार जोडली, इंजिन सुरू केले. रेडिएटरचा वरचा पाईप हाताला गरम लागेपर्यंत चालू ठेवायचे, म्हणजे थर्मोस्टॅट उघडला आणि पाणी सगळीकडे फिरले असे समजावे. मग बंद करून पूर्ण निवू द्यायचे आणि पुन्हा काढायचे. इथे घाई नको. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतले तर ॲल्युमिनियमचे हेड तडकू शकते. दोन फेऱ्यांत पाणी तपकिरीच आले, तिसऱ्यांदा पिवळसर, चौथ्यांदा नितळ. दिवस त्यात गेला. निवण्याच्या वेळेत आजींनी पोहे केले, तेव्हा तक्रार नव्हती. धुण्यासाठी नळाचे पाणी चालते, पण शेवटची फेरी डिस्टिल्डची केली.

थर्मोस्टॅटविषयी एक शब्द. ‘गाडी गरम होते? थर्मोस्टॅट काढून टाका’ असा सल्ला आपल्याकडे सर्रास मिळतो. तो ऐकू नका. हे मेणाच्या गोळीवर चालणारे छोटे दार साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडते. ते नसेल तर इंजिन लवकर तापत नाही, पेट्रोल जास्त खाते आणि झीज वाढते. बिघडला असेल तर नवा बसवा.

आता भरण्याचा हिशेब. धुऊन झाल्यावर कितीही काढले तरी इंजिनाच्या पोटात थोडे पाणी राहतेच. त्यामुळे तयार पातळ कूलंट ओतले तर ते आणखी पातळ होते. म्हणून घट्ट कूलंट घ्यावे. पुस्तिकेत पूर्ण क्षमता बघावी. समजा ती ४ लिटर आहे, तर आधी २ लिटर घट्ट कूलंट ओतावे आणि उरलेली जागा डिस्टिल्ड पाण्याने भरावी. आतले शिल्लक पाणी धरून प्रमाण निम्मे-निम्मे होते. जास्त घट्ट म्हणजे जास्त चांगले, असे मात्र नाही. निव्वळ ग्लायकॉल पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही. पिण्याच्या बाटलीतले मिनरल वॉटरही नको, त्यात क्षार असतात.

नरसाळ्याने सावकाश भरा. वरचा पाईप हाताने दाबत राहा, हवेचे बुडबुडे बाहेर येतील. झाकण न लावता इंजिन मंद चालू ठेवा, पातळी खाली जाईल तसे भरत जा. या वेळी तोंड वर धरू नका, उसळी येऊ शकते. बुडबुडे थांबले की झाकण लावा, टाकी दोन रेघांच्या मध्ये भरा. पंखा आपोआप सुरू होऊन बंद होतो का ते बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी गार असताना पातळी पुन्हा तपासा आणि जमिनीवर डाग पडलाय का तेही. हवा अडकून राहिली तर काटा पुन्हा चढतो, आणि माणसे उगाच नवा रेडिएटर घेतात.

गोड विष

दुपारी एक प्रसंग घडला तो मुद्दाम सांगतो. परात पायरीशी ठेवून आम्ही पोहे खायला आत गेलो होतो. मुलीने खिडकीतून पाहिले तो गल्लीतला कुत्रा परातीशी नाक लावून उभा. ती अनवाणी धावली. त्याने जीभ लावली नव्हती, नशीब.

इथिलिन ग्लायकॉल चवीला गोड असते आणि जहाल विषारी असते. मांजराला चहाचे एक-दोन चमचे पुरतात. लहान मुलाचा जीव काही घोटांत जाऊ शकतो. आधी नशा चढल्यासारखे वाटते, उलट्या होतात. मग बरे वाटल्याचा भास होतो आणि एक-दोन दिवसांत मूत्रपिंडे निकामी होतात. त्याचेच भावंड असलेल्या डायइथिलिन ग्लायकॉलची ग्लिसरीनमध्ये भेसळ झाल्याने १९८६ मध्ये मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले होते, हे अनेकांना आठवत असेल.

तेव्हा कूलंट शीतपेयाच्या बाटलीत कधीही ठेवू नका. मूळ बाटली कुलपात ठेवा. कोणाच्या पोटात गेल्याची नुसती शंका आली तरी घरगुती उपाय करू नका, उलटी करवू नका. बाटली बरोबर घेऊन लगेच मोठे रुग्णालय गाठा. यावर उतारा आहे, पण तो वेळेवर मिळाला तरच.

काढलेले जुने कूलंट गटारात ओतू नका. आमच्या भागातले पाणी शेवटी बेळ्ळंदूर तलावाच्या वाटेला लागते आणि त्या तलावावर आधीच फेस आणि आगी पाहायची पाळी आली आहे. झाकणबंद कॅनमध्ये भरून, जुने तेल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या. सांडले असेल तिथे भरपूर माती टाकून उचला आणि मग धुवा.

वाटेत काटा चढला तर

निघण्यापूर्वी मुलीकडून मी एवढे पाठ करून घेतले: काटा चढू लागला की ए.सी. बंद, हीटर पूर्ण चालू. तरी उतरला नाही तर गाडी कडेला, इंजिन बंद, बॉनेट उघडे. झाकणाला हात नाही. निदान तासभर थांबायचे. टाकीत काही नसेल तर निवल्यावरच भरायचे. अडीअडचणीला साधे पाणी चालेल, पण घरी परतल्यावर पुन्हा धुणे आलेच.

"आणि आजीनं घाई केली तर?" मुलीने विचारले.

"मी कशाला घाई करू?" आजी म्हणाल्या. "मी जपमाळ घेतलीय बरोबर."

दोघी हरतालिकेच्या आदल्या पहाटे निघाल्या. सुमारे सहाशे किलोमीटरचा रस्ता. तुमकूर, चित्रदुर्ग, दावणगेरे, हुबळी करत बेळगावला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी सकाळी निपाणीहून फोन आला. "काका, तवंदी घाट उतरलो. काटा मधोमध आहे." मागून आजींचा आवाज आला, "त्यांना सांग, ह्यांच्या वेळी घाटात एवढा आवाजही नव्हता करत गाडी!" तो आवाज कशाचा, ते पुढच्या आठवड्यात पाहू. विषय ब्रेकचाच आहे.

परत आल्यावर मुलीने निळी वही दाखवली. मार्च २०२३ च्या रिकाम्या पानानंतर नवे पान उघडले होते. त्यावर तारीख, किलोमीटरचा आकडा, कूलंटची जात, बाटलीवरचा मानक क्रमांक, ‘निम्मे-निम्मे’ आणि पुढच्या बदलाची तारीख. अक्षर आजोबांइतके वळणदार नाही, पण नोंद त्यांच्यासारखीच पुरी.

वाचकहो, तुमच्या गाडीत अशी वही नसेल तर आज एक ठेवा. उद्या सकाळी गाडी गार असताना बॉनेट उघडा, टाकीत काय आहे ते बघा आणि पहिल्या पानावर लिहा.